सहा रिकाम्या नळ्या

बर्फाच्या पेटीचं कसलं आलंय आत्मवृत्त, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. मित्रांनो, मी एक जुना डीप फ्रीझर आहे. विट्यातल्या एका कॉलेजात, सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, खिडकीखाली पडून असतो. माझं झाकण वरच्या बाजूला उघडतं. डाव्या बिजागरीला गंज चढलाय आणि झाकणाच्या कडेचं रबर एका कोपऱ्यात फाटलंय. मला सुख फारसं होत नाही आणि दुःखही होत नाही. शून्याच्या खाली वीस अंशांवर ज्याचा जन्म गेला त्याला काय व्हायचंय? पण गेल्या वर्षी माझ्या पोटात जे घडलं ते सांगितल्याशिवाय भंगारात जायचं नाही, असं मी ठरवलंय.

कारखान्यातलं मला फार आठवत नाही. पत्रा वाकवला, दोन पत्र्यांच्या मध्ये फेस भरला, पाठीशी कॉम्प्रेसर बसवला आणि मी घरघरायला लागलो. तिथून थेट तासगावला, एसटी स्टँडसमोरच्या आइस्क्रीमच्या दुकानात. दुकान भाऊसोंचं. बेदाण्याचे व्यापारी यायचे, ट्रॅक्टरवाले यायचे, एसटी चुकलेली माणसं यायची, आणि प्रत्येकाला माझ्या पोटातलं काहीतरी हवं असायचं. पोरं तर टाचा उंचावून माझ्या काठावर हनुवटी टेकायची. भाऊसो रोज सकाळी मला ओल्या फडक्यानं पुसायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "ह्यो लय गुणी हाय. भर उन्हाळ्यात एक दिवस दगा दिला न्हाई." खरं सांगतो, तेव्हा मला बरं वाटायचं.

मग काचेच्या झाकणाचा नवा फ्रीझर आला. आत दिवा, बाहेर रंगीत चित्रं. मला मागच्या बोळात ढकललं. माझ्यावर द्राक्षाचे रिकामे क्रेट रचले आणि माझ्या पोटात उंदरानं बिऱ्हाड थाटलं. सुरुवातीला वाईट वाटलं. पुढे तेही वाटेनासं झालं. दोन वर्षं मी तसाच पडून होतो, आणि त्या दोन वर्षांबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नाही.

एक दिवस बोळात राजरत्न सर आले. ते कडेगावकडचे, विट्याच्या कॉलेजात जंतूंबद्दल शिकवायचे. त्यांनी माझं झाकण उचललं मात्र, उंदीर टुणकन त्यांच्या शर्टावर! सर जे ओरडले ते स्टँडवर ऐकू गेलं असेल. भाऊसो ओशाळले. सरांनी शर्ट झटकत विचारलं, "चालतो का हो हा?"

"चालतोय की! दणक्यात चालतोय. फकस्त रबर जरा फाटलंय बगा."

दुसऱ्याच दिवशी द्राक्षाच्या टेम्पोत बसून मी विट्याला आलो. एके काळी आत मँगो कुल्फी होती, आता छोट्या नळ्यांतून गोठवलेले जंतू. कुठून कुठं येतो बघा एकेकजण.

प्रयोगशाळेत माझी गाठ पडली जोतीरामशी. काचसामान धुणं, जंतूंचा कचरा उकळून टाकणं, माझ्यातला बर्फ खरवडणं ही त्याची कामं. त्याआधी तो चौदा वर्षं केरळात, त्रिचूरला, गलाईच्या धंद्यात होता. जुनं सोनं तेजाबात घालून, भट्टीत वितळवून शुद्ध करायचं, ती गलाई. विट्याच्या आसपासच्या गावांतली माणसं त्यासाठी देशभर पांगलेली आहेत. तेजाबाच्या वाफेनं छाती धरली तेव्हा जोतीराम गावी परतला, पण हाताला लागलेलं वळण काही सुटलं नाही. गलाईच्या दुकानात काही म्हणजे काही फेकत नाहीत. जमिनीची झाडलोट पोत्यात भरून ठेवतात. हात धुतलेलं पाणी पिंपात साठवतात. ज्या मुशीत सोनं वितळवलं ती मूस फुटली तरी धुऊन, कुटून तिच्यातला कण काढतात. जोतीराम प्रयोगशाळेतही तसाच वागायचा. रिकाम्या बाटल्या, अर्धे खोके, वापरलेल्या नळ्या, सगळं तारखेची चिठ्ठी लावून ठेवून द्यायचा. विद्यार्थी हसायचे.

"काका, ह्या नळीत काय सोनं हाय का?"

"असलं तर?" एवढंच म्हणायचा आणि झाडू मारायला लागायचा.

आणि मग आली सुमैरा. सुमैरा नदाफ, पेठेतल्या हुसेन पिंजाऱ्याची लेक. राजरत्न सरांच्या हाताखाली पीएचडी करायला आली तेव्हा तिचं बोलणं थांबायचं नाही. माझं झाकण उघडलं की माझ्याशीसुद्धा बोलायची. "काय रे बाबा, किती बर्फ खाल्लास आज?" मी घरघरायचो.

तिचा विषय ऐकाल तर तुम्हाला गंमत वाटेल. पाटणच्या बाजूला डोंगरातल्या एका ओढ्यात बोटाएवढा बेडूक राहतो. ओल्या, कुजक्या पाल्यात त्याचा जन्म जातो, तरी त्याची कातडी कधी सडत नाही. सरांनी वनखात्याच्या परवानगीनं काही बेडूक पकडले, त्यांच्या पाठीवरनं हळूच बोट फिरवलं, वर आलेला पांढरा चीक पाण्यात धुऊन घेतला आणि बेडकांना पुन्हा ओढ्यात सोडून दिलं. त्या चिकात एक बारीकसं प्रथिन सापडलं. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ समजा. ही माळ अवघ्या सतरा मण्यांची. मण्यांचा क्रम कळल्यावर तीच माळ कारखान्यातून बनवून मागवता येते, त्यामुळे त्यानंतर बेडकाला कोणी हात लावला नाही. आणि ही सतरा मण्यांची माळ जंतू मारायची. नेहमीच्या औषधांना न जुमानणारे जंतूसुद्धा तिच्यापुढे टिकत नसत.

पण तिला एक खोड होती. अशा हजारो माळा एकमेकींना चिकटून लांबच लांब धागे बनवायच्या. अशा धाग्यांना अमायलॉइड म्हणतात. हे नाव तुम्ही ऐकलं असेल तर वाईट कारणानंच ऐकलं असेल. म्हातारपणी माणूस घरचं दारसुद्धा ओळखेनासा होतो, त्या आजारात मेंदूत याच जातीचे धागे सापडतात. मग तेच धागे बेडकाच्या औषधात काय करतात? सुमैराला ते शोधायचं होतं, आणि त्यासाठी धाग्याची रचना डोळ्यांनी बघायला हवी होती. शिडीच्या पायऱ्या आडव्या असतात आणि शिडी मात्र उभी वाढत जाते, तसा हा धागा वाढतो, एवढं माहीत होतं. पण एकेक पायरी म्हणजे ताणून सरळ झालेली माळ, की स्प्रिंगसारखा पीळ घेतलेली माळ? जंतू मारायचे तर पीळ हवा, असं तिचं म्हणणं. हे बघायला गारठवून चित्र काढणारा एक प्रचंड सूक्ष्मदर्शक लागतो. तो दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत होता, आणि तिथं नंबर लागायला वर्ष वर्ष जायचं. बरं, धागेही नीटनेटके हवेत. सुमैरानं दोन वर्षं खटपट केली. तिचे धागे म्हणजे नुसता गुंता.

एकदा हुसेनचाचा लेकीचा डबा द्यायला प्रयोगशाळेत आले. पांढरी दाढी, भुवयांवर कापसाची कुसं, हातात टोपी. त्यांनी सगळीकडे बघून घेतलं आणि माझ्यापाशी थांबले.

"आवं सर, लाईट गेल्यावर ह्याचं काय?"

सर हसले. "काय करणार चाचा? देवावर भरवसा."

आमच्या भागात आठवड्यातून एक दिवस दुरुस्तीसाठी लाईट बंद असते, आणि माझं रबर फाटलेलं. चाचांनी विती टाकून माझं माप घेतलं. आठवड्यानं जुन्या कापसाची जाड दुलई घेऊन आले आणि माझ्यावर पसरली. कोपरे बरोबर बसले. जोतीराम बघतच राहिला.

"चाचा, दुलई तर ऊब देती. ह्यात बर्फ न्हाई का वितळायचा?"

"खुळा का काय रं गड्या? कापूस ऊब देत न्हाई. आत जे हाय ते धरून ठिवतो. मानसाची ऊब धरंल, ह्याचा गारवा धरंल. त्याला दोनी सारखंच. फकस्त लाईट आली की काढ, न्हाईतर इंजान तापंल."

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कोणी पांघरूण घातलं नव्हतं.

त्या दिवशी सुमैरानं वडिलांना माझ्यातली एक नळी काढून दाखवली. आत काचेसारखं स्वच्छ पाणी गोठलेलं. चाचांनी नळी उजेडात धरून फिरवली.

"ह्यात धागा हाय म्हंतीस?"

"व्हायचाय अजून. झाला तरी डोळ्यांनी न्हाई दिसत, अब्बा."

"मग तुला तरी कसं कळायचं, त्यो कसा वळलाय ते? आमी कापूस नुस्ता चिमटीत धरला तरी सांगतो, कुठला हाय, किती ताणंल."

"मोठ्या मशीनवर चित्र निघंल त्याचं."

"निगालं की मला दाव. पैलं मला. सरांच्या आधी."

"तुमालाच दावीन अब्बा. पैलं तुमालाच." सुमैरा हसत होती. सरही हसले आणि म्हणाले, हरकत नाही, माझा दुसरा नंबर.

चाचांना साखरेचा आजार होता. पावलांना मुंग्या यायच्या, मग तेही थांबलं आणि पाय बधिर झाले. एके दिवशी गादी शिवताना दाभण टाचेत मोडलं, ते दोन दिवस त्यांना कळलंच नाही. पायमोजा काढला तेव्हा लेकीला म्हणाले, "बग की, बोचलंच न्हाई मला." जखम चिघळली. त्यांना मिरजेच्या एका दवाखान्यात नेलं. एक औषध झालं, दुसरं झालं, तिसरं झालं, जखमेतले जंतू काही ऐकेनात.

सुमैरा एक दिवस धावत प्रयोगशाळेत आली. माझं झाकण उघडून उभी राहिली. आत तिच्या शेवटच्या सहा नळ्या होत्या. पुन्हा माळ बनवून यायला सात महिने लागणार होते.

"सर, आपलं हे..." 

सरांनी मान हलवली. "नाही गं बाळा. आपण अजून उंदरावरसुद्धा करून बघितलं नाही. माणसाला द्यायचं म्हणजे... तुलाही माहीत आहे."

तिला माहीत होतं. तिनं झाकण लावलं. मी तेव्हा फार थंड होतो, तरीसुद्धा ते मला जाणवलं.

चाचांचा पाय गुडघ्याखाली कापला. तरीही विष वर चढलं. जोतीराम रजा टाकून मिरजेला गेला, रक्त द्यायला आणि धावपळ करायला. सर परीक्षेच्या कामाला परगावी होते. त्याच आठवड्यात कॉलेजजवळचा डीपी जळाला आणि अडीच दिवस लाईट नव्हती. दुलई शेजारच्या कपाटात घडी करून ठेवलेली. पांघरायला कोणी नाही, नळ्या बर्फात हलवायला कोणी नाही. मी धरून ठेवता येईल तेवढं धरलं. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्या भिंतींवरचा बर्फ सुटला. दुसऱ्या दिवशी माझ्या तळाशी पाणी साचलं. तिसऱ्या दिवशी लाईट आली, मी पुन्हा गोठलो, पुन्हा लाईट गेली, पुन्हा सुटलो. भाऊसो म्हणायचे, एक दिवस दगा दिला नाही. तो दगा मी अखेर दिला, आणि नेमका त्याच आठवड्यात. हुसेनचाचा गुरुवारी दुपारी वारले.

चाळीस दिवसांनी सुमैरा परत आली. मी वाट बघत होतो, "काय रे बाबा" ऐकायची. ती आली, पिशवी ठेवली, हात धुतले, हातमोजे घातले. कोणी काही विचारलं की "हं" म्हणायची. डबा उघडायची, बघायची, मिटून ठेवायची. एकदा तर तिनं हातमोज्याशिवाय माझ्या बर्फात हात घातला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. बोटं लाल झाली. जोतीराम ओरडला तेव्हा तिनं हात काढला. तिला काही झालेलं दिसलं नाही. माझ्यासारखीच झाली होती ती, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

आठवड्यानं तिनं आपलं खोकं बाहेर काढलं. सहा नळ्या टेबलावर ठेवून बर्फ सुटू दिला. सहाच्या सहा गढूळ. भाताच्या पेजेसारखं पांढरट पाणी.

मित्रांनो, जंतूंच्या प्रयोगशाळेचा एक नियम असतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्या दिवशी तो शिकवतात. स्वच्छ नळी गढूळ झाली म्हणजे आत जंतू वाढले, टाकून द्या. तो नियम सुमैरानंच शेकडो मुलांना शिकवला होता. तिनं एकेक नळी उचलली आणि आतलं पाणी ब्लीचच्या बादलीत ओतलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तीन वर्षांचं काम बादलीत गेलं आणि ती हात धुवायला निघून गेली.

मी ओरडत होतो. पण माझं ओरडणं म्हणजे घरघर. ती रोजचीच.

जोतीराम टेबल पुसायला आला. रिकाम्या नळ्या त्यानं गोळा केल्या. खरं तर त्या उकळून टाकायच्या. त्यानं एक नळी नाकासमोर धरली, तिरकी केली, बघितलं, टोपणं लावली आणि सगळ्या एका पिशवीत घालून, चिठ्ठी लावून माझ्या तळाशी सरकवून दिल्या. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. चौदा वर्षांची सवय.

चौथ्या दिवशी राजरत्न सर जिने चढून धापा टाकत आले. "सुमैरा! आपला नंबर लागला! कोणीतरी रद्द केलं. पुढच्या बुधवारचा एक दिवस मिळालाय. हे चुकलं तर पुढचं वर्ष. नळ्या काढ."

"टाकल्या."

"काय?"

"गढूळ झालत्या, सर. लाईट गेलीवती. टाकल्या."

सर स्टुलावर बसले. मग हळू आवाजात विचारलं, "काचेवर घेऊन बघितलंस का? जंतू होते?"

"नाही बघितलं."

"सुमैरा, ते पाणी जंतू मारतं. त्यात जंतू वाढतील कसे?"

सुमैरानं भिंतीकडे बघितलं. गढूळ झालं ते धाग्यांनी. जे धागे तिला दोन वर्षं जमले नाहीत, ते गोठून, सुटून, पुन्हा गोठून आपोआप झाले होते, आणि ते तिनं स्वतःच्या हातांनी ओतून दिले होते. हे तिला कळलं, हे मला दिसलं. तरी ती "हं" एवढंच म्हणाली. सरांना राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळत बसले.

"नळ्या हायत," दारातून जोतीराम म्हणाला.

"रिकाम्या ना?" सर म्हणाले.

"रिकाम्याच. पर धुऊन बगा की." जोतीरामला बोलायची सवय नव्हती, तो चाचरला. "आवं सर, आमच्याकडं मूस रिकामी झाली तरी रिकामी नसती. कडंला धरून बसतंय. पर जास्ती पानी घालायचं न्हाई. एका मुशीतलं धुवण दुसरीत, दुसरीतलं तिसरीत. पानी तेवढंच, माल वाढत जातो."

सर ताडकन उठले. हे धागे प्लॅस्टिकला चिकटतात, ते त्यांना माहीत होतं. डोक्यात आलं नव्हतं, एवढंच. मोठ्या सूक्ष्मदर्शकाला लागतो तरी किती माल? अर्ध्या अश्रूएवढा थेंब.

माझं झाकण उघडलं. जोतीरामनं पिशवी काढली. "तू कर," सर सुमैराला म्हणाले. तिनं पहिल्या नळीत गार पाण्याचा एक थेंब टाकला, टोपण लावलं, नळी आडवी करून बोटांत फिरवली.

"सावकाश, ताई," जोतीराम म्हणाला. "गडबड केली की फेस हुतो. कडंनं फिरवा, कडंनं. तळाला काय नसतंय."

तोच थेंब दुसरीत. तिसरीत. चौथीत तो जरासा दुधाळ झाला. सहावीतून निघाला तेव्हा मोत्यासारखा पांढुरका होता. त्यातला कणभर त्यांनी जंतूंच्या ताटलीवर टाकला. त्यात जंतू असते तर दोन दिवसांत उगवले असते. कणभर काचेवर घेतला आणि त्यात एक पिवळा रंग मिसळला. तो रंग अशा धाग्यांच्या खाचांत जाऊन बसला की निळ्या दिव्याखाली हिरवा उजळतो. दिवा लावला. हिरवंगार झालं. सरांनी टेबलावर थाप मारली, "आहे! आहे रे जोतीराम!" जोतीरामनं लाजून झाडू उचलला. सुमैरानं दिवा बंद केला आणि म्हणाली, "हं, आहे."

ताटलीवर काहीही उगवलं नाही. मंगळवारी ती थर्मासमध्ये बर्फ आणि बर्फात तो थेंब घेऊन एसटीनं निघाली. त्यानंतरचे महिने मी नुसता घरघरत होतो. हजारो चित्रं निघतात, ती एकावर एक लावून हिशेब करावा लागतो, असं सर मुलांना सांगायचे. सुमैरा परत आली, माझ्या शेजारच्या टेबलावर संगणकासमोर बसायला लागली. कधी तीन शब्द बोलायची, कधी तेही नाही. घरी अम्मी एकटी असते, ती रात्री झोपत नाही, असं जोतीराम एकदा सरांना म्हणाला. सर म्हणाले, वेळ द्यावा लागतो. जोतीराम म्हणाला, "वेळ दिलाय की सर. वेळानं नुस्तं घट्ट हुतंय."

मित्रांनो, मला तुम्हाला एक विनंती करायची आहे. ती आताच करून टाकतो, कारण पुढचं सांगून झाल्यावर माझ्याच्यानं बोलवणार नाही. रिकामं दिसलं म्हणून काही टाकू नका. गढूळ दिसलं म्हणूनही नको. आधी जवळ घेऊन बघा, एक थेंब पाणी घाला, कडंनं फिरवा. नळी असू दे नाहीतर माणूस असू दे. आणि फ्रीझरचं रबर फाटलं असेल तर तेवढं बदलून घ्या. झाली माझी विनंती.

फेब्रुवारीतली दुपार होती. बाहेर मैदानावर मुलं कबड्डी खेळत होती. संगणकावर चित्र पुरं झालं. मला माझ्या जागेवरून ते दिसत होतं. एकेक माळ पीळ घेतलेली, गोल गोल, बारीक स्प्रिंगच जशी. अशा स्प्रिंगा एकमेकींना खेटून आडव्या रचलेल्या, वर, आणखी वर, आणि अशा दोन भिंती समोरासमोर. कुठं फट नाही, कुठं गुंता नाही. सुमैराचं म्हणणं खरं होतं. त्या पिळानंच जंतू मरत होते, आणि लागेपर्यंत ती ताकद धाग्यात रचून ठेवलेली होती. औषध व्हायला अजून दहा-पंधरा वर्षं जातील, कदाचित कधी होणारही नाही, पण रचना कळली होती.

सर वर्गावर होते. खोलीत जोतीराम होता आणि मी.

"आलं का ओ ताई?" जोतीरामनं विचारलं.

"हं. आलं."

"मग सरांना बलवू?"

"थांबा काका. पैलं..." मग तिनं मोबाइल काढला, संगणकावरच्या चित्राचा फोटो घेतला, आणि मोबाइलवर खाली खाली जात एक नाव शोधलं. मग तिनं फोटो पाठवला.

माझ्या झाकणावर तिची पिशवी होती. त्या पिशवीत काहीतरी थरथरलं. ते माझ्या पत्र्याला जाणवलं. मग टुण् असा आवाज झाला.

जोतीरामच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. हुसेनचाचांचा फोन होता तो. अम्मीला तो हाताळता येत नव्हता, आणि बंद करायचा धीर घरात कोणाला नव्हता. म्हणून सुमैरा तो रोज चार्ज करायची आणि पिशवीत घालून हिंडायची. हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं.

तिनं पिशवीतून फोन काढला. त्याच्या काचेवर एका कोपऱ्यात तडा होता. तिनं निरोप उघडला. चित्र समोर आलं. शेजारी बसलेल्या माणसाला दाखवतात तसा तिनं फोन थोडा तिरका धरला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि म्हणाली, "बगा अब्बा. पिळाचा हाय."

तिचा स्वतःचा फोन माझ्या झाकणावर पडला होता. त्यावर, पाठवलेल्या चित्राच्या खाली, दोन खुणा निळ्या झाल्या. अब्बांनी बघितलं, अशी खूण.

तिनं त्या खुणा पाहिल्या. मग माझ्या झाकणावर कपाळ टेकून सुमैरा रडली, मोठ्यानं, पाच महिन्यांत पहिल्यांदा, आणि जोतीरामनं तिला गप्प केलं नाही.